दोषाचे वाटे

आपल्यावरचा आरोप आपल्याच तोंडाने गावाला वाचून दाखवायचा, तोही एक शब्द न गाळता, अशी पाळी वैऱ्यावरही येऊ नये. लोसावर ती आली, कारण त्या अख्ख्या बेटावर विजेच्या कामातलं इंग्रजी तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. तिच्यावरच्या आरोपाचं भाषांतर करायला तिच्याशिवाय माणूस नव्हता.

सभाघरात गावचे सतरा वडीलधारे केवड्याच्या चटयांवर मांडी घालून बसले होते. बर्नेट साहेबाला मांडी घालता येत नव्हती, म्हणून शाळेतून एक खुर्ची आणली होती. त्यामुळे सगळ्या म्हाताऱ्यांपेक्षा तोच उंच दिसत होता. सूर्यावर चालणाऱ्या विजेचा सगळा पसारा ज्या परदेशी कंपनीने बेटावर उभा केला, तिचा हा तपासनीस. सोमवारच्या बोटीने आला होता, गुरुवारच्या बोटीने जाणार होता. तीन दिवसांत त्याने बॅटऱ्यांच्या खोलीत दोन चकरा मारल्या आणि हा कागद तयार केला.

"'बॅटऱ्या बारा वर्षं टिकायला हव्या होत्या, त्या तीन वर्षांत निकामी झाल्या,'" लोसा वाचत होती. "'कारण, देखभाल करणाऱ्या व्यक्तीचा हलगर्जीपणा. चार्ज अर्ध्याच्या खाली उतरला की मुख्य बटण बंद करणं बंधनकारक आहे. सदर व्यक्तीने एकशे छत्तीस वेळा ते केलं नाही.'" तिने कागदावरून मान वर केली. "सदर व्यक्ती म्हणजे मी."

"कळलं, कळलं. पुढे वाच," गावप्रमुख हकाई म्हणाला.

"'गावाने ही चूक लेखी मान्य केल्यास आणि सदर व्यक्तीला कामावरून काढल्यास कंपनी नवीन बॅटऱ्या विनामूल्य देईल.' खाली चूक करणाऱ्याच्या नावाला एक ओळ सोडली आहे. त्याच्याखाली तुमची सही."

बाहेर एक डुक्कर नारळाच्या सालीत तोंड घालून खसफस करत होतं. लोसाने सतराही तोंडांवरून नजर फिरवली. या सतरांतला एकही असा नव्हता, ज्याला खरं काय ते ठाऊक नव्हतं. तिचा सख्खा मोठा भाऊ फालानिको त्यांच्यातच बसला होता आणि चटईची निघालेली एक पट्टी पुन्हा विणण्यात असा गढला होता, जणू तिच्यावर बेट तरंगतंय.

खरं असं होतं. चार वर्षांपूर्वी कंपनीचे इंजिनिअर घरोघर फिरले. किती दिवे, किती पंखे, किती फ्रीझर, सगळं फॉर्मात भरून घेतलं. त्यांच्यामागून त्यांची पिशवी उचलून, त्यांचं बोलणं गावाला आणि गावाचं त्यांना सांगत लोसाच फिरली होती. तेव्हाच तिने त्यांना सांगितलं होतं, "साहेब, मासेदिवसाचं काय करणार? त्या दिवशी सगळे फ्रीझर एकदम भरतात." इंजिनिअर हसला आणि म्हणाला की आम्ही सरासरी घराचा हिशेब धरलाय. सरासरी घर बेटावर आजतागायत कोणी पाहिलेलं नाही. इथे आहेत ती चौऱ्याहत्तर घरं, आणि मासेदिवशी चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर घरांत एकाच तासाला, एकाच दमात, उन्हाने तापलेला मासा येतो.

येणारच. गावच्या होड्या आठवड्यातून एकदा खडकांपलीकडे जातात, आणि जे मिळेल ते किनाऱ्यावर ओतून त्याचे वाटे घालतात. घरागणिक एक ढीग आणि माणसागणिक मासे. होडीत गेला त्याला तेवढेच, खाटेवर पडून राहिला त्यालाही तेवढेच. विधवेला, मास्तरला, काल जन्मलेल्या पोराला, बोटीतून उतरून दोन रात्री राहिलेल्या पाहुण्यालासुद्धा. वाटे घालणारा एकेका घराचं नाव पुकारतो आणि शेवटचं घर पुढे येऊन आपल्या ढिगाला हात लावेपर्यंत कोणी आपला ढीग हलवत नाही. आजोबांच्या आजोबांपासून असंच. मग संध्याकाळी सगळं गाव मासे घेऊन घरी पळतं, सगळ्या फ्रीझरांची झाकणं एकदम उघडतात, आणि नेमका तेव्हाच सूर्य पाण्यात उतरतो. बॅटऱ्यांनी करायचं काय? भोक पडलेल्या कळशीसारख्या त्या रिकाम्या होत. डिझेलचं जुनं मशीन होतं, पण सूर्याची वीज आली म्हटल्यावर बोटीतून डिझेलची पिंपं यायची जवळजवळ थांबलीच होती.

पहिल्या वर्षी लोसाने एकदा नियमाप्रमाणे मुख्य बटण खाली ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हकाई दोन वास मारणारे कुपे हातात लोंबकळवत तिच्या दारात उभा राहिला. "हे घे," तो म्हणाला, "तुझ्या बटणाने पकडलेले मासे. खा आता." आणि गावाच्या देखत बजावून गेला, "मासेदिवशी त्या बटणाला हात लावायचा नाही. गावचा हुकूम समज."

मग तिने दुसरा उपाय काढला. पूर्वेकडच्या घरांनी फ्रीझर आधी लावावेत, पश्चिमेकडच्यांनी दोन तासांनी. बायकांनी तिला पाणवठ्यावर धारेवर धरलं. "आधी-मागे करायचं तर वाटे घालायचे कशाला गं? आम्ही काय उरलंसुरलं खाणाऱ्या?" त्यांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. या गावाला सगळं येतं, एक रांग लावता येत नाही. रांगेत कोणीतरी पहिला असतो ना!

म्हणून लोसाने कंपनीला पत्र लिहिलं. मग आणखी एक. बॅटऱ्या वाढवून द्या, तुमचा हिशेब चुकलाय, रोज पहाटेचे आकडे सोबत जोडलेत. अशी सात पत्रं गेली. एकाचं उत्तर आलं, 'आपला संदेश मिळाला, आभारी आहोत.' त्याच कंपनीने आता तिला हलगर्जी ठरवलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि वर अंगणाकडूनच माफीनामा लिहून मागत होते.

"हकाईकाका," लोसा सभाघरात म्हणाली, आणि तिचा आवाज तिला नको होता तेवढा चढला, "बटणाला हात लावू नकोस हा हुकूम कोणाचा होता, ते साहेबांना सांगा ना. मी भाषांतर करते."

हकाईने आपल्या पायाचा अंगठा निरखून पाहिला. "अगं, कागदच तो. तिकडे कुठल्या कपाटात जाऊन पडेल. तुझं नाव तिकडे वाचणार कोण?"

"मी वाचलं ना आत्ता."

"तू आमचीच आहेस गं पोरी. तुला आम्ही टाकतोय का? बॅटऱ्या येऊ दे, मग बघू. तू एक नाव दिलंस की चौऱ्याहत्तर घरांत उजेड. वाईट आहे का सौदा?"

"मग तुमचं द्या."

दोन-तीन म्हातारे खोकले. गावप्रमुखाला असं तोंडावर कोणी बोलत नाही, आणि बाई तर नाहीच. "सही उद्या, बोट येईल तेव्हा किनाऱ्यावर," हकाई म्हणाला. "बोटीचे कागद बोटीच्या दिवशीच." साहेबाने विचारलं, "काय म्हणतायत ते?" लोसा त्याच्याकडे वळली. "ते म्हणतात, उद्या बोट यायच्या वेळी किनाऱ्यावर सही करतील. बोटीचे कागद आमच्याकडे बोटीच्या दिवशीच सही होतात." हेही तिने शब्द न गाळता सांगितलं.

निघताना ती फालानिकोच्या समोर थांबली. भाऊ-बहीण मोठे झाले की इथे एकमेकांशी थट्टा करत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत, पण बहिणीचा शब्द भाऊ खाली पडू देत नाही. अशी रीत. "दादा," ती म्हणाली. बस, एवढंच. त्याने चटईवरून डोळे वर केले नाहीत. हकाईचा तिला राग आला होता, साहेबाची किळस आली होती, पण हे मात्र आत कुठेतरी चिरत गेलं.

घरी तिमाले आत्या नीरफणस भाजत बसली होती. घरात आलेलं सगळं अन्न तिच्या हातून वाटलं जायचं, आणि सगळ्यांच्या अकलेची वाटणीही आपणच केली असा तिचा समज होता. लोसाने सगळं सांगितलं तसा तिने हातातला चिमटा आपटला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि आमचा फालानिको? त्याची जीभ मांजराने नेली?"

"चटई विणत होता."

"विणणारच. लहानपणीही मार चुकवायचा असला की कामाला लागायचा." आत्याने नीरफणसाचं काळं साल खरवडलं. "तू काय करणार?"

"काय करणार? माझ्या सहीची त्यांना गरजच नाही. नाव माझं, सही त्यांची."

"रडू येतंय?"

"नाही. राग येतोय."

"मग जेव. उपाशीपोटी राग धड धरता येत नाही." तिने मोठा तुकडा लोसासमोर ठेवला आणि नारळाचं दूध ओतलं. लोसाने खाल्लं. तीन वर्षं रोज पहाटे उठून तिने त्या बॅटऱ्यांचे आकडे घेतले होते, त्यांच्या खोलीत पाल शिरली तरी तिला कळायचं, वादळात ती खोलीच्या दाराला पाठ लावून बसली होती. पोटच्या पोरासारखं सांभाळलं म्हणतात ना, तसं. आणि आता पुढची पन्नास वर्षं गावात कोणाचा दिवा गेला की लोक म्हणणार, लोसाने बुडवलं. कागद कपाटात जातो हो, पण नाव गावात राहतं.

गुरुवारी दुपारी होड्या भरून आल्या. बोट खडकांबाहेर येऊन थांबली होती, तिचा भोंगा दोनदा वाजला होता, आणि माणसं न्यायला छोटा पडाव किनाऱ्याला लागत होता. साहेब आपली बॅग घेऊन नारळाच्या सावलीत उभा. हकाई कागद आणि पेन घेऊन त्याच्या शेजारी. सही वाटे झाल्यावर करू म्हणाला होता, कारण मासा उन्हात थांबत नाही.

वाळूवर ढीग लागले. मासे चकचकीत, ताजे, काहींची शेपटी अजून हलत होती. फालानिको वाटे घालणारा होता, गेली अकरा वर्षं. गोड बोलणारा माणूस, पण वाटे पुकारताना त्याचा आवाज भरतीसारखा किनाराभर जायचा. एकेक घर पुढे आलं, आपल्या ढिगापाशी उभं राहिलं. पंचाहत्तरावा ढीग साहेबाचा होता, तीन दिवसांचा का होईना, पाहुणा.

"तिमालेचं घर, लोसा!" फालानिकोने पुकारलं.

लोसा जागची हलली नाही.

"लोसा!"

"मला नको," लोसा म्हणाली.

हे शब्द त्या किनाऱ्यावर आजवर कोणी उच्चारले नव्हते. लोकांना आधी वाटलं तिची तब्येत बरी नाही. एक बाई म्हणालीही, "मी नेऊन देते गं घरी." पण वाटा घरच्याच माणसाने उचलायचा असतो, आणि तिमाले आत्या दगडावर अशी हाताची घडी घालून बसली होती की तिला उठवायला बोटीचा दोर लागला असता.

"लोसा, वाटा उचल," हकाई म्हणाला. "लोक खोळंबलेत. मासा तापतोय."

"तापू दे."

"वाटा नाकारणं म्हणजे गाव नाकारणं. कळतंय का तुला काय बोलतेयस?"

"मला कळतंय. तुम्हाला कळतंय का?" लोसा पुढे आली, थेट ढिगांच्या मधोमध. "या बेटावर एक मासा मिळाला तरी त्याचे चौऱ्याहत्तर तुकडे करता तुम्ही. वीज आली, सगळ्यांनी वापरली. मी बटण बंद करू नये म्हणून सगळे माझ्या दारात आलात. तुम्ही, काका, तुम्ही सडके मासे घेऊन आलात. त्या एकशे छत्तीस संध्याकाळी कोणाच्या फ्रीझरात मासा थंड झाला? माझ्या एकटीच्या? आणि दोष आला तेव्हा तो तेवढा अख्खाच्या अख्खा माझ्या टोपलीत! दोषाचे वाटे का नाही घातलेत? की गोड तेवढं सगळ्यांचं आणि कडू ते लोसाचं? मग असल्या गावाचा मासा मला नको. सडू दे इथेच."

पडाववाल्याने हाक मारली, "चला, ओहोटी लागली!" कोणी लक्ष दिलं नाही. माशा घोंघावायला लागल्या होत्या. बाकीची त्र्याहत्तर घरं आपापल्या ढिगापाशी हात लोंबकळवून उभी होती, आणि प्रत्येकाला त्या क्षणी आपल्या फ्रीझरची घरघर कानात ऐकू येत असणार.

फालानिको वाळूतून चालत हकाईकडे गेला. सगळ्यांना वाटलं, बहिणीच्या वतीने माफी मागतोय. त्याने हकाईच्या हातातून कागद घेतला, पेन घेतलं, गुडघ्यावर कागद ठेवला आणि रिकाम्या ओळीत आपलं नाव लिहिलं.

"हे काय?" हकाई ओरडला.

"माझा वाटा," फालानिको म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "काल घ्यायला हवा होता. लाज वाटली नाही काल." मग तो ताठ झाला आणि त्याच आवाजात, त्याच क्रमाने, माशांसारखी घरं पुकारू लागला. "पेलेनिकोचं घर!"

पेलेनिकोची म्हातारी दोन पावलं मागे सरली, मग इकडे तिकडे पाहिलं आणि आली. पुकारल्यावर न येणं तिला जमतच नव्हतं, सत्तर वर्षांची सवय. तिने कागदावर फुली मारली. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. एकजण कुरकुरला, "आमचा फ्रीझर तर वर्षभर बंद आहे हो!" त्याच्या बायकोनेच त्याला ढकललं. "दोन वर्षं चालू होता ना? जा, त्या दोन वर्षांची कर." एक ओळ केव्हाच भरली होती, नावं समासात चढली, मग कागद उलटला. हकाईचं घर पुकारलं तेव्हा तो बराच वेळ उभा राहिला. गाव त्याच्याकडे बघत होतं, मासा तापत होता. शेवटी त्याने पेन घेतलं आणि नावासमोर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'हुकूम माझा होता.' लिहून झाल्यावर मात्र लोसाकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही.

शेवटी लोसाचं घर. तिने आपलं नाव लिहिलं, इतरांइतक्याच लहान अक्षरांत, आणि मग जाऊन आपल्या ढिगाला हात लावला.

बर्नेट साहेब कागद हातात घेऊन उलटापालटा करत होता. "हे चालणार नाही. इथे एकच नाव हवंय. जबाबदार व्यक्ती. चौऱ्याहत्तर नावांवर बॅटऱ्या कोण पाठवेल?"

"पंचाहत्तर," लोसा म्हणाली.

"काय?"

तेवढ्यात फालानिकोने पुकारलं, अडखळत, कारण ते नाव त्याच्या जिभेला बसत नव्हतं. "बर्नेट साहेबांचं घर!"

सगळा किनारा त्याच्याकडे वळला. लोसाने भाषांतर केलं. तिला ते फार हळू, फार स्पष्ट करावंसं वाटलं. "तुमचं नाव पुकारलंय. हिशेब तुमच्या लोकांनी केला. सात पत्रं तुमच्याकडे आली. तिथे जागा ठेवलीय."

"मी फक्त तपासायला आलोय," साहेब म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "माझा याच्याशी काही संबंध नाही."

"बटण मी ओढत नव्हते, तर माझा संबंध होता. पत्रं वाचत नव्हता ते तुम्ही, तर तुमचा नाही?"

त्याने कागद घडी करून बॅगेत कोंबला, पॅन्टचे पाय वर दुमडले आणि पाण्यातून पडावाकडे निघाला. बॅटऱ्या येणार की नाही, ते त्या घडीत गेलं. गाव बघत राहिलं. वाळूवर त्याचा ढीग तसाच पडला होता, चार कुपे, कोणी हात न लावलेले, आणि तो ढीग उचलला जात नाही तोवर बाकीच्या चौऱ्याहत्तर घरांना आपला मासा नेता येत नव्हता.

लोसाने वाकून ते चारही मासे उचलले. एकेक हातभर लांब, निसरडे, जड. ते उराशी धरून ती पाण्यात उतरली. लुंगी भिजली, पोटापर्यंत पाणी आलं. पडाववाला वल्ही थांबवून बघत राहिला. तिने मासे साहेबाच्या मांडीवर टाकले, त्याच्या स्वच्छ पॅन्टवर, त्याच्या बॅगेवर. रक्ताचा एक ओघळ बॅगेच्या चेनीत शिरला.

"हे काय करतेयस!" तो ओरडला. "मला नकोयत हे!"

"मलाही नको होते," लोसा म्हणाली. "पण तुमचं नाव पुकारलं गेलंय. तुम्ही खा, पुरून टाका, नाहीतर वाटेत समुद्रात फेका. वाटा तुमचाच आहे."